मुक्कामी गाडी

माझं गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. भोरपासून 26 किलोमीटर, म्हणजे एसटीच्या हिशेबानं पाच टप्पे. एक टप्पा 6 किलोमीटरचा, आणि मधेच कुठं उतरलात तरी पैसे पूर्ण टप्प्याचे, हे मला पाढे यायच्या आधी ठाऊक होतं. माझे वडील एसटीत वाहक होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाडीत सगळे मास्तर म्हणायचे. 1976 साली लागले, 2008 साली निवृत्त झाले. त्यातली मधली मधली धरून अकरा वर्षं त्यांनी आमच्याच गावच्या मुक्कामी गाडीवर काढली. ती ड्युटी दुसरं कुणी फारसं मागत नसे, म्हणून त्यांना ती मिळत राहिली.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. मुक्कामी गाडी म्हणजे तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी सुटणारी शेवटची गाडी. ती शेवटच्या गावाला पोचते, रात्रभर तिथंच उभी राहते, आणि पहाटे पहिली गाडी म्हणून परत निघते. आमची साडेसहाला भोर सोडायची, पावणेआठच्या सुमारास गावात यायची आणि सकाळी सहाला सुटायची. कागदावर बघितलं तर फक्त दोन फेऱ्या. पण गावाचा दिवस त्या दोन फेऱ्यांमध्ये बसलेला असायचा. दिवसभरात तुम्ही तालुक्याला जाऊन कुठलंही काम करा, साडेसहाला स्टँडवर पोचलात की रात्री स्वतःच्या घरात झोपणार, ही खात्री होती.

गेली पाच-सहा वर्षं ही गाडी गावात मुक्कामाला नाही. दिवसा गाडी येते, वळते आणि जाते. तिच्याबद्दल मी आजवर नुसतं घरात बोलत आले. आता लिहायचं ठरवलं आहे.

आधी ती आली कशी ते. माझ्या आजीच्या वेळी बाजाराला जायचं म्हणजे डोंगराच्या कडेकडेनं चालत, नाहीतर पाण्यातून होडीनं. भाटघरचं धरण इंग्रजांच्या काळातलं, 1927 साली पूर्ण झालं, तेव्हा त्याला लॉईड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे, कारण कंकांचं भुतोंडे याच खोऱ्यात आहे. पाणी साठलं आणि वेळवंडी नदीच्या काठानं जाणाऱ्या जुन्या वाटा त्याखाली गेल्या. मे महिन्यात पाणी उतरलं की वेळवंडजवळचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा पुण्याची माणसं मोटारी घेऊन ते बघायला येतात. मला ते देऊळ दिसलं की आधी त्याच्याकडे जाणारी वाट आठवते. आजी सांगायची, तिची सासू त्या वाटेनं सरळ जायची. आमच्या वाट्याला वळसा आला.

ते पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेला जातं. बारामती, इंदापूर, तिकडं फलटण. तिथं ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, कारखान्यांना रस्ते लागले आणि रस्त्यांवरून एसटी धावली. आज एकट्या बारामतीत दोन आगारं आहेत, बारामती आणि बारामती एमआयडीसी. इंदापूर, दौंड, शिरूर इथलं रान सपाट, गावं मोठी, गाडी भरायला वेळ लागत नाही. आमच्या पश्चिमेला भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, आंबेगावचा वरचा भाग. तिथं डोंगर, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि एकेका गावात चाळीस-पन्नास उंबरे, तेही तीन वाड्यांत विखुरलेले. जिल्हा एक, पण एसटीच्या दृष्टीनं हे दोन वेगळे मुलूख आहेत. ही कुणाबद्दलची तक्रार नाही. बारामतीच्या माणसालाही गाडी हवीच आहे. पण "पुणे जिल्ह्यात एसटी सगळीकडे पोचली" असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, पोचली, पण किती वाजता? आणि परत किती वाजता?

आमच्याकडे रस्ता झाला तो रोजगार हमीच्या कामातून. माझ्या आईनं त्यावर खडी फोडली आहे. रस्ता झाल्यावरही दोन वर्षं गाडी आली नाही, कारण गाडी वळवायला जागा नव्हती. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. रस्ता लांबीनं मोजतात, पण एवढ्या लांब गाडीला शेवटच्या गावात तोंड फिरवायला सपाट जागा लागते. आमच्याकडे सपाट म्हणजे भाताचं खाचर, आणि खाचर कोण देणार? शेवटी आमच्या भावकीतल्या एका आजोबांनी आपल्या खाचराचा कोपरा सोडला. कागद नाही, मोबदला नाही. गावानं दोन दिवस श्रमदान करून तिथं मुरूम भरला. 1978 साली पहिली गाडी आली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतो तो आंब्याच्या पानांचा वास आणि गरम इंजिनाचा वास, दोन्ही एकत्र. बायकांनी ड्रायव्हरला ओवाळलं. अण्णा त्या दिवशी दुसऱ्या मार्गावर होते, त्याची चुटपुट त्यांना शेवटपर्यंत राहिली.

अण्णांना एसटीचा इतिहास तोंडपाठ होता. 1 जून 1948 ला नगर ते पुणे पहिली गाडी धावली. बेडफर्डची, लाकडी बॉडीची, तीस सीटची, आणि सीट काथ्याच्या. त्याआधी खाजगी मोटारी होत्या. त्या मालकाच्या मर्जीनं सुटायच्या, आणि मर्जी म्हणजे गाडी भरेपर्यंत थांबायचं. सरकारी गाडीत नवीन काय होतं, तर वेळ. गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटणार. अण्णा म्हणायचे, एसटीनं खेड्यातल्या माणसाला घड्याळ दिलं. पुढं राज्य झाल्यावर 1961 मध्ये मराठवाड्याची आणि विदर्भाची वाहतूक यात मिळाली आणि आजचं महामंडळ तयार झालं. गाड्यांच्या बॉड्या बांधायला आपल्या पुण्याजवळ दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा. नंबरवरून गाडी कुठं बांधली ते अण्णा ओळखायचे. एमएच-14 म्हणजे दापोडी, एमएच-20 म्हणजे औरंगाबादजवळची चिकलठाणा, एमएच-40 म्हणजे नागपूर. दापोडीची गाडी आली की त्यांना घरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. दर 1 जूनला ते पहाटे आंघोळ करून गाडीला झेंडूची माळ घालायचे आणि हेडलाइटच्या वर कुंकवाचं बोट लावायचे.

मुक्कामी गाडी रात्री कशी राहते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. ड्रायव्हरकाका माणदेशातले होते. आमचा पाऊस पहिल्यांदा बघून ते एक आठवडा नीट झोपले नव्हते. गाडी नेहमी उताराला तोंड करून लावायची, कारण थंडीत सकाळी स्टार्टर दगा देतो, मग ब्रेक सोडून गाडी सरकवायची आणि गिअरमध्ये टाकायची. चाकाखाली दोन दगड. ते दोन दगड ठरलेले होते, पोरांनी खेळायला नेले की मार मिळायचा. आमचं घर गावात असूनही अण्णा रात्री गाडीतच झोपायचे. रोकड असलेली चामड्याची पिशवी उशाला, तिकिटांची पत्र्याची पेटी सीटखाली. आई म्हणायची, घर वीस पावलांवर आहे. अण्णा म्हणायचे, गाडी सरकारची आहे. ड्रायव्हरकाकांना मात्र जेवायला आमच्याकडेच यावं लागे. भात, कुळथाचं पिठलं, कधी धरणातले मासे.

रात्री गाडीबरोबर काय काय यायचं! टपालाची थैली. सकाळचा पेपर, आमच्यासाठी तो रात्रीचा पेपर असायचा आणि चावडीवर कंदिलात वाचला जायचा. दुकानदाराचा गूळ आणि रॉकेलचं डबडं. दवाखान्यातून आणलेली औषधं. मुंबईहून सुटीला आलेले गिरणीतले चुलते. आणि सकाळी परत जाताना दुधाच्या किटल्या, टपावर कोंबड्यांचे डालगे, जांभळांच्या पाट्या, शाळेची पोरं.

पौषातल्या एका रात्री दोनच्या सुमारास वरच्या वाडीतल्या एका बाईला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. त्या वेळी आमच्या भागात रात्री दुसरं वाहन नव्हतं. जीप नाही, ॲम्ब्युलन्स नाही, फोनसुद्धा नाही. ड्रायव्हरकाकांनी अण्णांकडे बघितलं आणि चाकाखालचे दगड काढले. मी जागी झाले होते आणि सगळं पाहिलं. बाईला मधल्या वाटेत वाकळ अंथरून निजवलं. गाडी हलायच्या आधी अण्णांनी पेटी उघडली. माणसं पाच होती. त्यांनी पाच जणांची तिकिटं फाडली, चिमट्यानं भोकं पाडली, आणि वेबिलावर, म्हणजे फेरीच्या नोंदीच्या कागदावर, वेळ लिहिली, 2 वाजून 10 मिनिटं. पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले. मग डबल बेल दिली. रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर, ड्रायव्हर तीन फुटांवर असताना त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, की बाई मरते आहे आणि हे तिकिटं फाडताहेत. नंतर कळलं, तिकीट फाडलं म्हणून ती फेरी झाली. विनातिकीट माणसं घेऊन मार्गावर नसलेल्या वेळी गाडी नेली असती, तर त्या बाईला वाचवणं हा गुन्हा ठरला असता. त्यांनी ते कायद्यात बसवलं. पाचच्या आत गाडी परत गावात होती आणि सहाला वेळेवर सुटली. आगारात त्यांनी सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, सही केली आणि कागद फाइलला लावला, त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. ती मुलगी झाली, ती आज शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मला ताई म्हणते.

आता माझ्याबद्दल. गावात शाळा सातवीपर्यंत. मुलगे पुढं भोरला नातेवाइकांकडे राहायचे, मुलींचं शिक्षण सातवीला संपायचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मुलगी रात्री घरी येईल कशी, हा एवढाच प्रश्न होता. जून 1987 मध्ये मी आठवीला भोरला जायला लागले. अण्णा त्या गाडीवर होते, म्हणून माझ्याबरोबर आणखी तीन घरांनी मुली पाठवल्या. मास्तर आहेत ना गाडीत, एवढं वाक्य पुरलं. तीन वर्षांत आम्ही अकरा जणी झालो. अण्णांची ड्युटी बदलली तेव्हा दुसरे मास्तर आले, आणि मुली जातच राहिल्या. एकदा सवय लागली की माणूस बदलला तरी चालतं, वेळ बदलली की चालत नाही.

शाळा अकराची, गाडी सव्वासातला पोचायची. मधले पावणेचार तास आम्ही स्टँडवर काढायचो. संध्याकाळी पाचला शाळा सुटली की पुन्हा साडेसहापर्यंत तिथंच. माझी दहावी एसटी स्टँडच्या बाकावर झाली असं मी म्हणते ते खरंच आहे. भूमितीची प्रमेयं मी वाहतूक नियंत्रकांच्या आवाजात पाठ केली, "महाडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" आणि "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज" हे माझ्या डोक्यात अजून शेजारी शेजारी आहेत. पासाला आम्हाला भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागे. आता बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. फार चांगली गोष्ट आहे. तीन मुलींचे पास एकदम काढायचे म्हटल्यावर गप्प बसलेले बाप मी पाहिले आहेत.

पुढं कॉलेजला पुण्यात आले, खोली घेऊन राहिले. पहिलं वर्ष आईचा डबा रोज यायचा. गावातून सहाच्या गाडीनं भोर, तिथं ओळखीचे मास्तर तो स्वारगेटच्या गाडीत चढवायचे, कापूरहोळ, नसरापूर फाटा, खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा करत डबा साडेदहाला स्वारगेटला उतरायचा. झाकणावर ऑइलपेंटनं माझं आडनाव. संध्याकाळी रिकामा डबा परत त्याच रस्त्यानं. भाकरी गार असायची, पण आईच्या हातची त्याच दिवशी पहाटे थापलेली असायची. अशा डब्यांवर शिकलेली माणसं महाराष्ट्रात घरोघर सापडतील.

माझ्या डोळ्यांदेखत शहरातली एसटी खूप बदलली. दिल्लीच्या 1982 च्या एशियाडनंतर त्या गाड्या आपल्याकडे आल्या आणि निमआराम गाडीचं नाव एशियाड पडलं ते पडलंच. मग हिरकणी, शिवनेरी, शिवशाही. 31 डिसेंबर 2019 च्या सुमारास शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला गेलं. 1 जून 2022 ला, पहिल्या गाडीला 74 वर्षं पुरी झाली त्या दिवशी, त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई धावली. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो पोचली. हे सगळं मला मनापासून आवडतं. शिवाईत बसले तेव्हा इंजिनाचा आवाज नाही म्हणून मला रडू आलं, अण्णा असते तर पाठीमागं जाऊन मोटर कुठं आहे ते बघून आले असते. ते 2017 साली गेले.

मुक्कामी गाडीवर पहिला घाव मात्र बराच आधीचा आहे. नव्वदच्या दशकात जीपा आल्या, आमच्याकडे वडाप म्हणतात. वडापवाली पोरं आमच्याच खोऱ्यातली, बँकेचं कर्ज काढून जीप घेतलेली, त्यांना मी दोष देणार नाही. पण वडाप भरल्यावर सुटतं. सकाळी दहा ते दुपारी चार, बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत. म्हणजे पैसे मिळतात ती माणसं वडापनं उचलली आणि एसटीला उरली पासवाली पोरं, म्हातारी माणसं आणि संध्याकाळची तीन-चार डोकी. एसटीच्या कागदावर याला भारमान म्हणतात, शंभर जागांपैकी किती भरल्या. दुसरा आकडा किलोमीटरमागं उत्पन्न किती. ज्या गावात रात्री पावणेआठला सात माणसं उतरतात, तिथं हे दोन्ही आकडे वाईटच येणार. पूर्वी लांबच्या मार्गांवरची कमाई अशा गाड्यांचा तोटा भरून काढायची, पुणे-मुंबईची भरलेली गाडी आमच्या सात माणसांना ओढत होती. लांबच्या मार्गांवर खाजगी ट्रॅव्हल्स वाढल्या तशी ती कमाईही आटत गेली. त्यात प्रवासी भाड्यातून राज्याचा साडेसतरा टक्के प्रवासी कर जातो. रुपयातले तेरा आणे आपले, पण त्यातून सगळ्या खोऱ्यांना पुरवायचं.

म्हणून मला भारमानाचा आकडा खेड्यातल्या शेवटच्या गाडीला लावणं पटत नाही. मी जन्मभर हिशेबाचं काम केलं आहे, आकड्यांचा मला राग नाही. पण संध्याकाळच्या गाडीचं उत्पन्न संध्याकाळच्या गाडीत दिसत नाही. परतीची खात्री आहे म्हणून माणूस सकाळच्या गाडीत बसतो. शेवटची गाडी काढली की सकाळची रिकामी होते, मग सकाळची काढतात, मग दुपारची. आमच्या खोऱ्यात हा क्रम मी पाहिला आहे.

दुसरा घाव सगळ्यांना माहीत आहे. मार्च 2020 मध्ये सगळी चाकं थांबली. 22 मेपासून जिल्ह्याच्या आतल्या गाड्या सुरू झाल्या, एका गाडीत 22 माणसं, आणि 20 ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरच्या. पुढं ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत संप. कर्मचाऱ्यांना पगार वेळेवर मिळत नव्हते, अण्णांच्या बरोबरच्यांची मुलं त्या संपात होती, त्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी नव्हती. पण त्या दोन वर्षांत खोऱ्यातल्या घराघरात जुनी दुचाकी आली. कोरोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांवर गाड्या होत्या, त्या नंतर पंधरा हजारांच्या आसपास आल्या. गाड्या कमी, चालक-वाहक कमी, म्हटल्यावर कात्री कुठं लागणार? मुक्कामावर. मुक्कामी गाडी म्हणजे दोन माणसं आणि एक गाडी रात्रभर अडकलेली. त्याच माणसांत आणि त्याच गाडीत हमरस्त्यावर दुप्पट फेऱ्या होतात.

आमच्या पुणे भागात एक गोष्ट वेगळी घडली. संपाच्या काळात पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, गाड्या शहराबाहेर लांबवर जायला लागल्या होत्या, आणि लोकांना त्या सोयीच्या वाटल्या. नंतर एसटी पूर्ववत झाल्यावर त्यातल्या बऱ्याच बंद झाल्या. पीएमपी हमरस्त्याच्या गावांपर्यंत येऊ शकते, येऊ द्यावी असं माझं मत आहे. पण घाटातला कच्चा रस्ता, ओढ्यावरचा फरशी पूल, पावसात दरड, हे काम एसटीच्याच माणसांचं. ती नजर त्यांच्याकडेच आहे.

सवलती मात्र या काळात मोठ्या आल्या. 75 वर्षांवरच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना निम्मं तिकीट. या निम्म्या तिकिटानं स्टँडवरचं चित्र बदलून टाकलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. भोरच्या गाडीत पूर्वी बाई दिसली तर दवाखान्याला नाहीतर माहेराला. आता बायका आपापल्या कामाला जातात, बचत गटाच्या मीटिंगला जातात, नुसत्या बहिणीला भेटायला जातात. 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं तरी त्यामुळं निभावलं. माझी आत्या 81 वर्षांची आहे, तिचं कार्ड मी कव्हरमध्ये घालून दिलं. ती एकदाच जाऊन आली. परतीला दुपारची गाडी चुकली, संध्याकाळची नाही, मग हमरस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी रात्र काढली. तेव्हापासून कार्ड देवघरात आहे.

गेल्या शनिवारी मी गावी गेले होते. आठवी ते बारावीच्या मुली किती आहेत ते मी घरोघर फिरून लिहून आणलं. सहा आहेत. त्यातल्या दोघी भोरला नातेवाइकांकडे, एक पुण्यात मावशीकडे. तिघी रोज जातात, बापाच्या किंवा भावाच्या दुचाकीवर मागं बसून, 26 किलोमीटर, जुलैच्या पावसातसुद्धा. एकीच्या आईनं मला विचारलं, "ताई, बारावीनंतर बंद करावं का हिचं?" मुलगी आत चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. मला एकदम 1987 सालात उभं केल्यासारखं झालं. फरक इतकाच की तेव्हा गाडी होती.

एसटीच्या कार्यालयात मी दोनदा जाऊन आले. तिथल्या साहेबांनी दोन्ही वेळा खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. गाडी एकवेळ मिळेल, पण मुक्कामाला माणसं राहतील कुठं? आता स्त्री वाहक आहेत, त्यांना गाडीत झोपा म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. हा मुद्दा मला पूर्ण पटला. अण्णा बारा महिने सीटवर झोपले, डास, थंडी, ओल सगळं सोसलं, आणि आम्ही गावानं त्यांना एक खोली दिली नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं.

म्हणून या वेळी काम उलट्या टोकाकडून धरलं आहे. ग्रामपंचायतीनं जुन्या बालवाडीची खोली दिली. मुंबई-पुण्यातल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून मधे भिंत घातली, म्हणजे दोन खोल्या झाल्या, दोन्हींना आतून कडी, स्वतंत्र संडास, पाणी तापवायला हीटर, दोन खाटा, मच्छरदाण्या. जेवणाचं बचत गटाच्या बायकांनी घेतलं आहे. गाडी वळायची जागा अतिक्रमणात अर्धी गेली होती, ती ज्यांच्या आजोबांनी सोडली होती त्यांच्याच नातवानं पुढाकार घेऊन मोकळी केली. उताराच्या बाजूला फरशी करून दिली आहे. ग्रामसभेचा ठराव झाला. आणि शेजारच्या दोन गावांचेही ठराव घेतले, कारण गाडी एका गावाची नसते, वाटेतल्या सगळ्यांची असते. कारखान्यात जाणारी, दूध घालणारी, शिकणारी आणि कार्डवाली म्हातारी माणसं अशी वेगवेगळी यादी केली आहे. शुक्रवार रात्रीपर्यंत 63 नावं झाली. अर्जात मागणी एकच आहे, संध्याकाळी साडेसहा आणि सकाळी सहा.

सोमवारी स्वारगेटहून सकाळच्या गाडीनं भोरला जाऊन अर्ज देते आहे. वेळवंड खोऱ्यातलं कुणी हे वाचत असेल आणि घरातलं कुणी रोज जाणारं-येणारं असेल, तर नाव, गाव आणि कुठल्या वेळेची गरज आहे ते मला रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. यादीत शेवटची दोन पानं मोकळी ठेवली आहेत.